विश्लेषण : स्मार्ट बल्ब वायफायला जोडताना जगदीशचंद्र बोस का आठवावेत?

नवा स्मार्ट बल्ब आणला, होल्डरमध्ये लावला, ॲप उघडले, वायफायचा पासवर्ड टाकला आणि स्क्रीनवर चक्र फिरत राहिले. शेवटी उपकरण सापडले नाही, एवढाच संदेश. पासवर्ड चुकलेला नसतो, बल्बही बिघडलेला नसतो. अनेकदा गोची असते ती लहरींच्या लांबीची. लांबी बदलली की लहर भिंतीशी कशी वागते तेही बदलते. अगदी आखूड रेडिओ लहरी तयार करून त्यांचा बारकाईने अभ्यास करणाऱ्या पहिल्या काही संशोधकांत जगदीशचंद्र बोस होते. शाळेच्या पुस्तकात ते आपल्याला वनस्पतींच्या संवेदना मोजणारे शास्त्रज्ञ म्हणून भेटतात. पण त्याआधीची काही वर्षे त्यांनी बिनतारी लहरींना दिली होती.

तीन वर्षे बिनपगारी...

बोस यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी, आजच्या बांगलादेशात झाला. वडील ब्रिटिश सरकारचे अधिकारी, तरीही त्यांनी मुलाला आधी बंगाली शाळेत घातले. तिथे शेतकऱ्यांची, कोळ्यांची मुले त्याच्या शेजारी बसत. पुढे कोलकात्याचे सेंट झेवियर्स कॉलेज आणि मग केंब्रिज. तिथे लॉर्ड रॅले यांच्यासारखे भौतिकशास्त्रज्ञ शिकवायला होते. १८८५ मध्ये बोस कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले.

त्या काळी भारतीय प्राध्यापकाला युरोपीय सहकाऱ्यापेक्षा कमी पगार मिळे. बोस यांनी तो घ्यायला नकार दिला, मात्र शिकवणे थांबवले नाही. असे तीन वर्षे चालले. हा किस्सा आपण अभिमानाने सांगतो, पण त्याच काळात वडिलांच्या डोक्यावर कर्ज होते हे सांगायचे राहून जाते. अखेर कॉलेजने मागील पूर्ण रक्कम चुकती केली आणि ती कर्ज फेडण्यात गेली.

संशोधनासाठी कॉलेजने वेगळी प्रयोगशाळा दिली नव्हती. स्नानगृहालगतच्या एका चिंचोळ्या खोलीत, स्थानिक पत्राकाम करणाऱ्या कारागिराला हाताशी धरून बोस यांनी १८९४ च्या सुमारास उपकरणे बनवायला सुरुवात केली.

भिंतीपलीकडची घंटा

१८९५ मध्ये कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी जाहीर प्रयोग केला. बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर अध्यक्षस्थानी होते. एका खोलीतून निघालेल्या लहरी भिंती ओलांडून सुमारे ७५ फुटांवरच्या दुसऱ्या खोलीत पोहोचल्या. वाटेत अध्यक्षमहाशय बसले होते, त्यांच्या शरीरातूनही त्या गेल्या. पलीकडे घंटा वाजली आणि ठेवलेल्या दारूचा स्फोट झाला. मध्ये एकही तार नव्हती.

यामागची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. घंटा वाजवण्याची ताकद लहरींत नव्हतीच. पलीकडच्या खोलीत कोहेरर नावाचा ग्राहक होता. धातूंच्या सैल स्पर्शातून एरवी वीज नीट वाहत नाही, पण लहर येताच ती वाहू लागते. सर्किट पूर्ण होते आणि तिथल्याच बॅटरीवर घंटा वाजते. आपला बल्बही असाच चालतो. हवेतून येते ती फक्त सूचना, प्रकाशाची वीज होल्डरमधूनच मिळते.

मग बल्ब अडतो कुठे?

हर्ट्झ यांनी प्रयोगांत वापरलेल्या लहरी बोस यांच्या लहरींच्या तुलनेत बऱ्याच लांब होत्या. त्यांना प्रकाशासारखे वळवायचे तर भिंग आणि लोलकही अवाढव्य हवेत. बोस यांनी उलटा मार्ग धरला आणि लहरच लहान केली, थेट ५ मिलिमीटरपर्यंत. त्यामुळे त्यांचे सगळे उपकरण टेबलावर मावे. लहरींचे ध्रुवीकरण दाखवायला त्यांनी पिळलेला तागही वापरला. बंगालमध्ये तागाला काय तोटा! टाउन हॉलच्या प्रयोगासाठी मात्र उंच खांबावर धातूची तबकडी बसवावी लागली होती. प्रयोगशाळेतले सूक्ष्म तरंग आणि दूर जाणारा संदेश या दोन वेगळ्या गरजा होत्या.

आजच्या राउटरमध्ये हाच फरक दोन नावांनी दिसतो. २.४ गिगाहर्ट्झची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटर लांब असते, ५ गिगाहर्ट्झची सुमारे सहा सेंटिमीटर. लांब लहर भिंतीतून तुलनेने बरी पार होते. आखूड लहरीच्या पट्ट्यात वेग जास्त मिळतो, पण भिंतीआड ती लवकर क्षीण होते. बल्बला वेग नको, पोहोच हवी. शिवाय किंमतही कमी ठेवायची असते. म्हणून बहुतेक स्वस्त स्मार्ट उपकरणांत फक्त २.४ गिगाहर्ट्झची सोय असते.

पहिल्या जोडणीच्या वेळी बल्बला ना स्क्रीन, ना कीबोर्ड. त्यामुळे तो थोडा वेळ स्वतःच छोटे वायफाय किंवा ब्लूटूथ सुरू करतो आणि फोन त्याला तुमच्या नेटवर्कचे नाव आणि पासवर्ड कळवतो. फोन त्या क्षणी ५ गिगाहर्ट्झच्या वेगळ्या नावावर असेल आणि ॲपने तेच नाव पुढे पाठवले, तर बल्बला ते नेटवर्क दिसतच नाही. अशा वेळी राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन २.४ चे नाव वेगळे ठेवावे, फोन त्यावर आणावा आणि पहिली जोडणी राउटरजवळ करावी. नंतर बल्ब हव्या त्या खोलीत न्या.

पेटंट का घेतले नाही?

१८९७ च्या जानेवारीत बोस यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हे प्रयोग दाखवले. १९०१ मध्ये तार कंपनीचा एक धनाढ्य मालक पेटंटचा कागद घेऊन त्यांच्याकडे आला, नफ्यात वाटाही देऊ करत होता. बोस यांनी नकार दिला. ज्ञान विकायचे नाही, ही त्यांची भूमिका होती. मित्रांच्या आग्रहाखातर शिशाच्या खनिजावर आधारलेल्या ग्राहकासाठी त्यांनी अमेरिकेत अर्ज केला आणि १९०४ मध्ये पेटंट मिळाले, पण त्यातून त्यांनी कमाई केली नाही.

याची किंमत मोठी होती. मार्कोनी यांनी डिसेंबर १९०१ मध्ये अटलांटिकपार संदेश मिळवला तो पाऱ्याच्या ग्राहकाने. बोस यांनी १८९९ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या लोखंड-पाऱ्याच्या ग्राहकाशी त्याचे नाते आहे, असे १९९८ मध्ये आयईईईच्या नियतकालिकात साधार मांडले गेले. १९०९ चे नोबेल मार्कोनी आणि ब्राऊन यांना मिळाले. तरी मार्कोनी यांना चोर ठरवणेही अर्धवट ठरेल. लांब अंतराची व्यवहार्य यंत्रणा त्यांनी उभी केली आणि बोस यांना त्या व्यवसायात रस नव्हता.

तोवर बोस वनस्पतींकडे वळले होते. १९१७ मध्ये त्यांनी कोलकात्यात बोस इन्स्टिट्यूट स्थापन केली. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले. मार्कोनी त्याच वर्षी जुलैमध्ये गेले होते. त्यांच्या ५ मिलिमीटरच्या लहरी म्हणजे आजच्या भाषेत ६० गिगाहर्ट्झ. हाच पट्टा वायगिग हे एका खोलीपुरते अतिवेगवान वायफाय वापरते. त्यांची मूळ उपकरणे कोलकात्यातील बोस इन्स्टिट्यूटमध्ये जपून ठेवलेली आहेत.