निनावी शिल्पकार : सर्गेई कोरोलेव्ह

अवकाशविज्ञानात कोणते राष्ट्र पुढे आणि कोणते मागे, असा विषय निघाला की आपण लगेच हिशेब मांडू लागतो. पहिला उपग्रह कुणाचा, पहिला अंतराळवीर कुणाचा, चंद्रावर पहिले पाऊल कुणाचे! मी कला शाखेचा विद्यार्थी. अग्निबाणाचे गणित हा माझा प्रांत नव्हे. पण त्या गणितामागचा माणूस मला जवळचा वाटतो. म्हणून रशिया आणि अमेरिका यांची तुलना मी एका माणसाच्या आयुष्यातून करू पाहत आहे.

सर्गेई कोरोलेव्ह यांचा जन्म १९०७ साली युक्रेनमधील झितोमिर येथे झाला. आईवडील विभक्त झाल्यामुळे बालपण आजोळी गेले. विमानांच्या वेडापायी ते मॉस्कोला शिकायला आले. तेथे विख्यात विमानरचनाकार तुपोलेव्ह त्यांचे मार्गदर्शक होते. १९३३ साली कोरोलेव्ह यांच्या गटाने द्रवरूप प्राणवायूवर चालणारा अग्निबाण उडवला.

आणि १९३८ साली, स्टालिनच्या राजवटीत, खोट्या आरोपाखाली त्यांना अटक झाली! कोलिमाच्या सोन्याच्या खाणीत त्यांनी थंडी आणि उपासमार सोसली. दात गेले, प्रकृती कायमची ढासळली. १९४० मध्ये मॉस्कोला आणले, तेही कैदी अभियंता म्हणूनच. सुटका झाली १९४४ साली. पुढच्याच वर्षी त्याच सरकारने त्यांना जर्मनीत व्ही-२ अग्निबाणाचा अभ्यास करण्यासाठी पाठवले. त्या अग्निबाणाचा रचनाकार फॉन ब्राउन तोवर अमेरिकेच्या हाती लागला होता. म्हणजे दोन्ही राष्ट्रांनी धडा गिरवला तो एकाच पाटीवर.

मग रशिया पुढे कसा गेला? येथे एक गंमत आहे. रशियाचा अणुबाँब फार जड होता, म्हणून तो वाहून नेणारा अग्निबाणही प्रचंड करावा लागला. अमेरिकेला हलके बाँब बनवता येऊ लागले, त्यामुळे तिला इतक्या मोठ्या अग्निबाणाची निकड नव्हती. एका क्षेत्रातले मागासलेपण दुसऱ्या क्षेत्रातले बळ ठरले! कोरोलेव्ह यांच्या आर-७ अग्निबाणाने ४ ऑक्टोबर १९५७ रोजी ८३.६ किलोग्रॅमचा स्पुटनिक कक्षेत सोडला. जानेवारी १९५८ मधला अमेरिकेचा पहिला उपग्रह जेमतेम १४ किलोग्रॅमचा होता. १२ एप्रिल १९६१ रोजी गागारिन १०८ मिनिटांत पृथ्वीप्रदक्षिणा करून आला. पुढच्या महिन्यात अमेरिकेच्या शेपर्डने केवळ पंधरा मिनिटांची झेप घेतली.

परंतु चंद्र गाठायला एक बलाढ्य अग्निबाण पुरत नाही. त्यामागे संघटना लागते. अमेरिकेने १९५८ साली नासा स्थापन करून नागरी अवकाशकार्य एका छत्राखाली आणले. रशियात मात्र रचनाकारांचे गट एकमेकांशी स्पर्धा करीत होते. इंधनाच्या निवडीवरून कोरोलेव्ह आणि इंजिनतज्ज्ञ ग्लुश्को यांचे बिनसले. अमेरिकेच्या सॅटर्न-५ च्या पहिल्या टप्प्यात पाच महाकाय इंजिने होती. कोरोलेव्ह यांच्या एन-१ मध्ये तीस लहान इंजिने बसवावी लागली. सॅटर्नचा प्रत्येक टप्पा जमिनीवर पेटवून पारखला जाई. एन-१ च्या संपूर्ण पहिल्या टप्प्याची तशी चाचणी झालीच नाही. १९६९ ते १९७२ या काळात त्याची चारही उड्डाणे फसली.

ते अपयश पाहायला कोरोलेव्ह नव्हते. जानेवारी १९६६ मध्ये, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, शस्त्रक्रिया चालू असतानाच त्यांचे निधन झाले. फॉन ब्राउन अमेरिकेत घरोघरी ठाऊक होता. कोरोलेव्ह यांचे नाव मात्र गुप्ततेपोटी जगापासून दडवले होते. गागारिनचा जयजयकार चालला असता त्याला आकाशात धाडणारा गर्दीत अनोळखीच राहिला. छायाचित्रासह त्यांची ओळख लोकांना झाली ती मृत्युलेखातून!

१९८४ साली आपले राकेश शर्मा ज्या सोयूझमधून गेले, त्या यानाची मूळ रचना कोरोलेव्ह यांच्याच कार्यालयातली आणि त्याला उचलणारा अग्निबाण आर-७ च्याच कुळातला. राष्ट्रांची तुलना करताना किलोग्रॅम आणि तारखा जरूर मांडाव्यात. पण ज्या राष्ट्राने आपला असा माणूस आधी खाणीत गाडला आणि मग पडद्याआड ठेवला, त्याच्या सामर्थ्याच्या हिशेबात हे खर्चाच्या बाजूला मांडायला नको का?