मृत्यूला नेमके नाव देणारे डॉ. विल्यम फार

रुग्णालयाच्या कागदांवर आजाराच्या नावासमोर आज जो सांकेतिक क्रमांक पडतो, त्याचे मूळ लंडनमधील एका सरकारी कचेरीत आहे. विल्यम फार यांचा जन्म १८०७ मध्ये इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यात गरीब घरात झाला. जोसेफ प्राइस या वृद्ध आश्रयदात्याने त्यांना शिकविले. त्यांनीच मृत्युपत्रात ठेवलेल्या रकमेवर फार पॅरिसला गेले आणि तेथे त्यांना रोगांची मोजदाद करण्याची गोडी लागली. १८३३ मध्ये त्यांचा विवाह झाला, पण चारच वर्षांत पत्नी क्षयाने गेली.

जन्ममृत्यूंच्या नोंदणीचे काम नुकतेच सुरू झालेल्या कचेरीत त्यांनी पुढे सुमारे चाळीस वर्षे काढली. १८३९ च्या पहिल्याच अहवालात त्यांनी दुखण्यावर बोट ठेवले. एकाच रोगाला तीन-चार नावे होती, एकच नाव अनेक रोगांना चालत होते, आणि मूळ व्याधीऐवजी तिचा उपद्रवच नोंदला जात होता. संदिग्ध नावांच्या बेरजेला काय अर्थ? पटकीचे कारण दूषित हवा, असे मानण्यात ते स्वतः बराच काळ चुकले. परंतु १८६६ च्या साथीत पाण्याकडे बोट दाखविणारे आकडे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. हा त्यांचा मोठेपणाच.

१८५३ च्या ब्रुसेल्स परिषदेने सर्व देशांना चालेल अशी यादी करण्याचे काम त्यांच्यावर आणि जिनिव्हाचे मार्क देस्पिन यांच्यावर सोपविले. १८८० मध्ये मुख्य निबंधकपद डावलले गेल्यावर फार निवृत्त झाले. १८८३ मध्ये त्यांचे निधन झाले. दहा वर्षांनी झाक बेर्तियों यांची यादी शिकागोत मांडली गेली, ती अवयवांनुसार रोग मांडण्याच्या फार यांच्याच तत्त्वावर उभी होती. आजचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण तिच्याच वंशातले.

त्या वर्गीकरणाच्या अमेरिकी आवृत्तीत प्रौढांच्या फुप्फुसातील लँगरहान्स पेशींच्या विकाराला ‘जे ८४.८२’ हा स्वतंत्र संकेतांक आहे. हा विरळा आजार जवळजवळ धूम्रपान करणाऱ्यांनाच होतो. फुप्फुसात, विशेषतः वरच्या भागात, गाठी व पोकळ्या होतात. तंबाखूच्या व्यसनाचा ‘एफ १७’ संकेतांक वेगळा लावावा लागतो. डॉक्टरांनी मात्र केवळ ‘फुप्फुसाच्या अंतरालीय ऊतींचा विकार’ एवढेच लिहिले, तर संकेतांक लावणाऱ्याच्या हाती ‘जे ८४.९’ हा अनिर्दिष्ट क्रमांकच उरतो, आणि तो रुग्ण त्या विरळ्या आजाराच्या मोजणीत येतच नाही.