नेट फास्ट, तरी ऑफिसचा कॉल तुटतोय? उत्तर दादासाहेब फाळक्यांच्या फिल्ममध्ये आहे

मी त्र्यंबकेश्वरचा. आमच्या छोट्या ऑफिसात यात्रेकरूंच्या राहण्याचं बुकिंग चालतं. सहा इंटरनेट फोन आहेत, म्हणजे टेलिफोनच्या तारेऐवजी नेटवरून बोलणारे फोन. गेल्या श्रावणात त्यांचे कॉल तुटायला लागले. मी एका कुटुंबाला सत्तावीस तारीख सांगितली, त्यांना सतरा ऐकू आली. म्हातारी आई आणि लहान मुलांना घेऊन ते दहा दिवस आधी, रात्री अकराला दारात उभे! खोल्या सगळ्या भरलेल्या. त्या आजींना मी बाकावर बसलेलं पाहिलं आणि ठरवलं, हे शोधूनच काढायचं.

स्पीड टेस्ट केली तर १०० एमबीपीएस. मग आवाज का तुटतो? याचं उत्तर मला आमच्याच गावात जन्मलेल्या एका माणसाच्या आयुष्यात सापडलं.

त्र्यंबकचा धुंडिराज

धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजेच दादासाहेब, ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला जन्मले. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे विद्वान. त्यांना मुंबईच्या कॉलेजात नोकरी लागली आणि कुटुंब मुंबईला गेलं. धुंडिराज १८८५ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले, पुढे बडोद्याच्या कलाभवनात शिकले. मग गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला. तिथे प्लेगने पहिली बायको आणि मूल, दोघं गेली. नंतर पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, ती सोडून छापखाना काढला, रंगीत छपाई शिकायला १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन आले. परत आल्यावर भागीदारांशी पटलं नाही आणि तो धंदाही सुटला.

वयाच्या चाळिशीत हा माणूस बेकार होता. तेव्हा गिरगावात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि डोक्यात एकच विचार बसला, आपल्या राम-कृष्णांना असं पडद्यावर कधी आणणार? मग रात्रंदिवस सिनेमे बघणं आणि प्रयोग करणं सुरू झालं. ताणाने काही काळ दृष्टीच गेली. उपचारांनी ती परत आली. विमा पॉलिसी गहाण टाकून ते १९१२ मध्ये लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा घेतला. कच्ची फिल्म आणि तिला भोकं पाडायचं यंत्रही मागवलं.

भोकं सारख्या अंतरावर हवीत

आता आपला मुद्दा इथे सुरू होतो. तेव्हा कच्ची फिल्म कडेच्या भोकांशिवाय यायची. ती भोकं घरीच, अंधारात पाडायची. हे काम दादासाहेबांच्या पत्नी सरस्वतीबाई करायच्या. कॅमेरा फिल्म पुढे ओढतो तो याच भोकांत दात अडकवून. प्रत्येक फ्रेमला एका बाजूला चार भोकं. अंतर जरा चुकलं की पडद्यावर चित्र उडी मारणार.

तुमचा कॉलही असाच तुकड्यांचा असतो. इंटरनेट फोन साधारणपणे तुमच्या बोलण्याचे २० मिलिसेकंदांचे तुकडे पाडतो आणि सेकंदाला ५० पॅकेट पाठवतो. पलीकडचा फोन ते जोडून आवाज तयार करतो. पॅकेट निघतात सारख्या अंतराने, पण पोचतात कशी? एक लवकर, दोन उशिरा, एक वाटेतच हरवलं. अंतरातल्या या गडबडीला जिटर म्हणतात. फोन थोडा वेळ वाट बघतो, पण फार उशिरा आलेलं पॅकेट टाकून देतो. माझ्या 'सत्तावीस'चा शेवट असाच गेला असणार.

मग व्हिडिओ का तुटत नाही?

दादासाहेबांनी पहिला प्रयोग केला तो कुंडीतल्या वाटाण्याचा. ठरावीक वेळाने एकेक फ्रेम घेत राहिले आणि कित्येक दिवसांची वाढ काही क्षणांत पळवून दाखवली. ती फिल्म पाहूनच त्यांना भांडवल मिळालं. सरस्वतीबाईंनी दागिने दिले, शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही तीच माउली करायची. स्त्री भूमिकेला बाई मिळेना म्हणून तारामती झाले अण्णा साळुंके. ३ मे १९१३ ला मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला. सुमारे ३७०० फूट लांबीचा मूकपट! मग ते नाशिकला आले. 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि कमलाबाई गोखले या मायलेकींनी काम केलं, १९१७ मध्ये 'लंकादहन' खूप चालला.

हे सगळे मूकपट हाताने कॅमेरा फिरवून काढलेले. सेकंदाला साधारण १६ फ्रेम, हात जरा मागेपुढे झाला तरी डोळा सांभाळून घ्यायचा. पण १९३१ मध्ये 'आलम आरा' आला, सिनेमा बोलू लागला आणि खेळ बदलला. आवाजासाठी मोटर लागली, वेग २४ फ्रेमवर पक्का झाला. कारण कान डोळ्यासारखा माफ करत नाही. दादासाहेबांनी मूकपट म्हणून काढलेल्या 'सेतुबंधन'वर नंतर आवाज चढवला आणि १९३७ मध्ये 'गंगावतरण' हा बोलपट केला. तोच त्यांचा शेवटचा. बोलपटांच्या जमान्यात त्यांचं नाव मागे पडत गेलं आणि १६ फेब्रुवारी १९४४ ला ते नाशिकमध्ये वारले.

मला हवं होतं ते इथेच मिळालं. रील किंवा व्हिडिओ आधीच पुढचा भाग उतरवून ठेवतो, म्हणून नेट अडखळलं तरी कळत नाही. कॉलमध्ये पुढचं वाक्य अजून बोललेलंच नसतं! त्याला वेळेवर पोचावंच लागतं.

आमच्याकडे काय सापडलं?

एका कॉलला जेमतेम ९० केबीपीएस लागतात. सहाही फोन चालू असले तरी अर्ध्या एमबीपीएसच्या आसपास. म्हणजे स्पीड कमी नव्हताच. मी हे केलं:

१. कोणाला तुटक ऐकू येतं ते विचारलं. समोरच्याला आपला आवाज तुटतोय, तर गडबड अपलोडमध्ये. आपल्याला त्याचा तुटतोय, तर डाउनलोडमध्ये. आमचं अपलोड निघालं.

२. वेळ लिहून ठेवली. त्रास व्हायचा संध्याकाळी, दर्शन करून लोक परतल्यावर.

३. शांत वेळी आणि गर्दीच्या वेळी पिंग बघितलं. एरवी २०-२५ मिलिसेकंद, संध्याकाळी थेट ४०० च्या वर. एका बाजूने १५० पर्यंत उशीर असेल तर बोलणं नीट होतं.

कारण स्पष्ट झालं. पाहुण्यांचं वायफाय आणि ऑफिसचे फोन एकाच लाइनवर. पाहुणे दिवसभराचे व्हिडिओ अपलोड करायचे, राउटरमध्ये पॅकेटची रांग लागायची. दर्शनबारीत शेवटी उभं राहिल्यासारखी माझी इवलीशी पॅकेट मागे ताटकळायची.

उपाय

- राउटरमध्ये क्वालिटी ऑफ सर्व्हिस चालू करून फोनला पहिला नंबर दिला. म्हणजे आवाजासाठी वेगळी बारी.
- एकूण अपलोडची मर्यादा खऱ्या वेगापेक्षा थोडी कमी ठेवली. त्यामुळे रांग आपल्याच राउटरमध्ये लागते आणि तिथे आपला नियम चालतो.
- पाहुण्यांचं वायफाय वेगळं करून त्याला कमाल वेग ठरवून दिला.
- फोन वायफायवरून काढून केबलवर घेतले.

नवीन लाइन घ्यावी लागली नाही, एक रुपयाचा प्लॅनही वाढवला नाही. आता गर्दीच्या संध्याकाळीही पिंग ४० च्या आत राहतं. तरी तारीख मी दोनदा सांगतो आणि मेसेजही पाठवतो.

तुम्हीही आज एक करून बघा. घरच्या वायफायवर इंटरनेट कॉल लावा आणि दुसऱ्या मोबाइलवरून मोठा व्हिडिओ अपलोड करा. समोरच्याला तुमचा आवाज तुटायला लागला, तर जास्त स्पीडचा प्लॅन घेण्याआधी राउटरची सेटिंग उघडा.