विश्लेषण : मराठवाड्याच्या रुंद रुळांसाठी झगडणारे गोविंदभाई

नांदेड जिल्ह्यातील भोकरहून आज थेट मुंबईला जाणारी रेल्वे मिळते. मीटरगेजच्या काळात ते शक्य नव्हते. मनमाडला उतरून दुसरी गाडी पकडावी लागे. मराठवाड्याची ही अडचण दूर व्हावी म्हणून ज्यांनी आयुष्याची अनेक वर्षे खर्ची घातली, त्यात गोविंदभाई श्रॉफ यांचे नाव आघाडीवर आहे.

गोविंदभाई कोण होते?

जन्म २४ जुलै १९११, विजापूरचा. कोलकात्यात उच्च शिक्षण घेऊन ते औरंगाबादला शिक्षक झाले. १९३८ च्या वंदे मातरम् चळवळीत विद्यार्थ्यांमागे उभे राहिले आणि पुढे स्वामी रामानंद तीर्थांचे सहकारी म्हणून हैदराबाद मुक्तिसंग्रामात उतरले. संस्थान १९४८ मध्ये मुक्त झाले, तरी सत्तेच्या पदांकडे ते वळले नाहीत. सरस्वती भुवन शिक्षण संस्था आणि मराठवाडा जनता विकास परिषद हेच त्यांचे कार्यक्षेत्र राहिले. १९९२ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. विद्यापीठ नामांतराला त्यांनी केलेला विरोध मात्र वादग्रस्त ठरला, तो वगळून त्यांचे चरित्र पुरे होत नाही.

मीटरगेजमुळे काय अडले होते?

सिकंदराबाद-मनमाड मार्ग निजामाच्या काळात, १९०० च्या सुमारास झाला. त्याच्या रुळांमधले अंतर १००० मिलिमीटर, तर मनमाडहून मुंबईला जाणाऱ्या मार्गाचे १६७६ मिलिमीटर. त्यामुळे मराठवाड्याचा कापूस, धान्य मनमाडला एका वॅगनमधून उतरवून दुसरीत चढवावे लागे. हमाली वाढे, दिवस मोडत, नासधूस होई ती वेगळीच. साहजिकच व्यापारी ट्रककडे वळत. रुळांचे रुंदीकरण झाल्याशिवाय उद्योग इकडे येणार नाहीत, हा गोविंदभाईंचा आग्रह होता. परिषदा, निवेदने, मोर्चे, दिल्लीच्या खेपा असे हे काम वर्षानुवर्षे चालले. अखेर नव्वदच्या दशकात मनमाडकडून रुंद रूळ मराठवाड्यात शिरले.

हवामानबदलाशी याचा संबंध काय?

ही लढाई अनुशेषाची होती. कर्ब उत्सर्जन हा शब्द तेव्हा कुणाच्या निवेदनात नव्हता. पण लोखंडी चाक लोखंडी रुळावर फिरते तेव्हा घर्षण फार कमी होते. म्हणून तेवढाच माल तेवढ्याच अंतरावर नेताना रेल्वेला ट्रकपेक्षा कितीतरी कमी इंधन लागते. हवेत गेलेला कर्ब पुन्हा शोषून घेण्याचे तंत्र अजून महाग आहे; तो मुळात कमी सोडणे स्वस्त पडते. मराठवाड्याच्या बाबतीत त्याची वाट या रुंद रुळांनी आधीच घालून ठेवली आहे.

२१ नोव्हेंबर २००२ रोजी गोविंदभाईंचे निधन झाले. भोकरवरून जाणारा मुदखेड-आदिलाबाद मार्ग आता रुंद आहे, पण एकेरी. समोरून गाडी येणार असली, की इकडची गाडी स्थानकात थांबून राहते.