गावोगावी अक्षर नेणारे भाऊसाहेब बांदोडकर

तेरेखोल आणि शापोरा या दोन नद्यांच्या मधला पेडणे महाल आणि खनिजाच्या तांबड्या मातीचा डिचोली महाल हे दोन्ही गोव्याच्या नव्या काबिजादीतील प्रदेश. डिचोली १७८१ च्या सुमारास आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगिजांच्या अमलाखाली आले. जुन्या काबिजादीत जे घडले ते येथे घडले नाही. देवळे राहिली, जत्रा राहिल्या, दशावतार आणि भजन राहिले, आणि देवळांतून मराठी पोथ्यांचे वाचनही चालू राहिले. परंतु पोथी ऐकणे वेगळे आणि ती स्वतः वाचता येणे वेगळे. सरकारी शिक्षण पोर्तुगीज भाषेतले, तेही थोड्यांच्या आवाक्यातले. मराठी अक्षरे गिरवायची तर देवळाच्या अग्रशाळेत किंवा कोणाच्या पडवीत गावकऱ्यांनी पदरमोड करून चालविलेल्या शाळेचा आधार घ्यावा लागे. जेथे तीही नसे तेथील मूल गुरांमागे जाई.

अशा पेडण्यात १२ मार्च १९११ रोजी दयानंद बाळकृष्ण बांदोडकर यांचा जन्म झाला. त्याआधी पाचच महिने, ५ ऑक्टोबर १९१० रोजी, पोर्तुगालातील राजेशाही उलथून तेथे प्रजासत्ताक आले होते आणि गोव्यातील हिंदूंना प्रथमच कायद्याने बरोबरीचे स्थान मिळाले होते. त्या मोकळ्या हवेत मराठी शाळा, वाचनालये आणि नियतकालिके यांना बहर आला. तो फार काळ टिकला नाही. सालाझारच्या हुकूमशाहीने सभा, संस्था आणि छापील मजकूर यांवर पुन्हा कडक पहारा बसविला. दयानंदांचे बालपण पहिल्या काळात गेले आणि तारुण्य दुसऱ्या. बहुजन समाजातील सामान्य घरात जन्मलेल्या या मुलाला उच्च शिक्षणाची दारे उघडली नाहीत. ही उणीव त्यांच्या पुढील आयुष्याचे सूत्र ठरली असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर गोव्याच्या लोहखनिजाला परदेशी, विशेषतः जपानी, बाजारपेठ मिळाली. डिचोली, सत्तरी, सांगे या भागांत खाणी सुरू झाल्या आणि मांडवी-जुवारीच्या पात्रांतून खनिजाने भरलेल्या बार्जी मुरगावकडे जाऊ लागल्या. या व्यवसायात दयानंदांनी स्वकर्तृत्वाने स्थान मिळविले. पैसा हाती आला, पण तो केवळ तिजोरीत राहिला नाही. गरजू विद्यार्थी, संस्था, देवस्थाने, नाटकमंडळ्या आणि खेळाडू यांना त्यांच्या दारातून सहसा रिकाम्या हाताने परतावे लागत नसे. लोक त्यांना भाऊसाहेब म्हणू लागले ते याच काळात. सत्ता नंतर आली.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. क्रांतिकारकांनी आणि सत्याग्रहींनी ज्यासाठी तुरुंगवास भोगला, प्राण वेचले, ते राजकीय स्वातंत्र्य मिळाले. भाटकाराच्या जमिनीत राबणाऱ्या कुळाला आणि मुंडकाराला त्या स्वातंत्र्याचा अर्थ कोण समजावणार, हा प्रश्न उरला. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने हा वर्ग आपल्यामागे उभा केला. ९ डिसेंबर १९६३ च्या पहिल्या निवडणुकीत तीस जागांपैकी या पक्षाला चौदा आणि सहकारी प्रजा समाजवादी पक्षाला दोन जागा मिळाल्या. भाऊसाहेब स्वतः उभे राहिले नव्हते. तरीही नेतृत्व त्यांच्याकडेच आले. २० डिसेंबर रोजी त्यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली व पुढे पोटनिवडणुकीतून ते सभागृहात आले.

सत्तेवर येताच त्यांनी सर्वाधिक भर दिला तो प्राथमिक शिक्षणावर. शाळेची इमारत होईपर्यंत थांबायचे नाही, देऊळ, मांगर, पडवी जे मिळेल तेथे वर्ग सुरू करायचा, असे धोरण पडले. पेडणे, डिचोली, सत्तरी, काणकोण येथील आडवाटेच्या वाड्यांवर मराठी शाळा उघडल्या. १९६४ च्या कूळ कायद्याने कुळांना जमिनीवरून हुसकावण्यास आळा बसला. हे दोन्ही निर्णय एकत्र पाहावे लागतात. ज्याच्या डोक्यावर बेदखलीची तलवार आहे तो आपले मूल भाटकाराच्या कामावरून काढून शाळेत धाडण्याचे धाडस करीत नाही. पायाखालची जमीन स्थिर झाली तेव्हाच पाटी हातात आली.

गोव्याचे महाराष्ट्रात विलीनीकरण व्हावे हे मात्र त्यांचे मुख्य ध्येय होते. त्यासाठी सार्वमत मागितले गेले आणि ते निःपक्ष व्हावे म्हणून त्यांच्या सरकारने राजीनामा दिला. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरोधात १,७२,१९१ मते पडली. महाराष्ट्रातून प्रतिनियुक्तीवर आणलेल्या अधिकाऱ्यांविषयीचा असंतोष, कोकणीचा अभिमान आणि वेगळ्या अस्तित्वाची ओढ यांचे बळ त्यांनी पुरेसे जोखले नव्हते, हे मान्य केले पाहिजे. विशेष म्हणजे विलीनीकरणाच्या विरोधातील प्रभावी प्रचार ‘राष्ट्रमत’ या मराठी दैनिकातूनच झाला. मराठी वाचणारा माणूस आपले मत स्वतः बनवितो, याचा तो पुरावा होता.

ज्या प्रश्नासाठी पक्ष जन्मला तोच मिटला. दुसरा कोणी खचला असता. भाऊसाहेबांनी कौल शिरसावंद्य मानला आणि अवघ्या दोन-अडीच महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत जनतेने त्यांनाच पुन्हा निवडून दिले. लोकांनी त्यांची मागणी नाकारली होती. त्यांना नाकारले नव्हते. त्याच वर्षी गोव्यात अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. १९७० मध्ये कला अकादमी स्थापन झाली आणि जत्रेच्या मांडवात वाढलेल्या नाट्य-संगीत परंपरेला शासनाश्रय मिळाला. त्याच सुमारास पक्षात फूट पडली. तिलाही ते पुरून उरले आणि १९७२ मध्ये तिसऱ्यांदा विजयी झाले.

१२ ऑगस्ट १९७३ रोजी, मुख्यमंत्रिपदावर असतानाच, त्यांचे निधन झाले. मिरामारच्या किनाऱ्यावर त्यांची समाधी आहे. त्यांच्यानंतर कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. डिचोलीच्या प्रतिनिधी असलेल्या ताईंच्याच कारकिर्दीत, १९७६ मध्ये, कूळ कायद्याची पाचवी दुरुस्ती होऊन कसणाऱ्याला जमिनीची मालकी देण्याचा मार्ग खुला झाला.

भाऊसाहेबांची स्मृती पुतळ्यांत आणि मार्गांच्या नावांत आहेच. पण ग्रंथालयाच्या देवघेवीच्या नोंदवहीतही ती आहे. ज्या घरात आजोबा कागदावर अंगठा उठवीत, त्या घरातील नातीने सभासद होऊन कादंबरीसाठी केलेली सही हे त्यांच्या कार्याचे सर्वांत बोलके स्मारक होय.