बहिणाबाई चौधरी : शेतात आणि जात्यावर फुललेली कविता

जळगावजवळच्या असोदे गावी १८८० मध्ये जन्मलेल्या कवयित्री बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. तेराव्या वर्षी विवाह आणि तिशीत वैधव्य आले. शेतीचे व घरचे कष्ट मात्र जन्मभर सुटले नाहीत. त्या कष्टांतूनच त्यांचे काव्य उमलले. जात्यावर दळताना, चुलीपुढे, पेरणी-मळणीच्या वेळी त्यांना गाणी सुचत. सुगरणीचा खोपा, मातीतून वर येणारा कोंब, माणसाचे चंचल मन असे सारे त्यांनी लेवा गणबोलीत गाऊन ठेवले. कित्येक गाणी वाऱ्यावरच विरली. पुत्र कवी सोपानदेव आणि एका आप्ताने टिपून घेतली तेवढीच उरली. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्यांचे निधन झाले. आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह पहिला संग्रह निघाला तो १९५२ मध्ये.