फ्लॉरेन्सनं जिवंत जाळायची शिक्षा दिली, डोंगरातल्या गावांनी दांतेला आसरा दिला

इटलीच्या टस्कनी प्रांतात पोप्पी नावाचं एक गाव आहे. टेकडीच्या माथ्यावर दगडी गढी, गढीला उंच बुरूज आणि त्याच्या सावलीत कमानींच्या गल्ल्यांचं छोटंसं गाव. गढीवरून खाली नजर टाकली की आर्नो नदीच्या खोऱ्यात एक सपाट मैदान दिसतं. त्याचं नाव काम्पाल्दिनो.

हे मैदान एका माणसानं दोन वेगवेगळ्या आयुष्यांत पाहिलं. पहिल्यांदा वयाच्या २४व्या वर्षी, घोड्यावर बसून, जिंकणाऱ्या फौजेतून. नंतर पंचेचाळिशीत, गढीतल्या सरदाराच्या घरचा पाहुणा म्हणून. तेव्हा त्याच्या स्वतःच्या शहरानं त्याला सापडताक्षणी जिवंत जाळायचा हुकूम काढलेला होता.

तो माणूस म्हणजे दांते आलिगिएरी. ‘डिव्हाइन कॉमेडी’ लिहिणारा, नरक, शुद्धिलोक आणि स्वर्ग पायी फिरून आलेला कवी. त्याचं नाव निघालं की सगळे फ्लॉरेन्सकडे बोट दाखवतात. पण त्याच्या आयुष्याची शेवटची १९-२० वर्षं फ्लॉरेन्सच्या बाहेर गेली, आणि त्यातला बराच काळ अशा डोंगरी गावांत आणि गढ्यांमध्ये.

पण मॅटर एवढं पेटलं कसं?

दांतेचा जन्म १२६५चा, फ्लॉरेन्समधला. तेव्हा इटली नावाचा देश नव्हताच. प्रत्येक शहर म्हणजे स्वतंत्र राज्य, आणि शहराशहरांत दोन गट. पोपच्या बाजूचे ते ग्वेल्फ, सम्राटाच्या बाजूचे ते गिबेलिन. दांतेचं घराणं ग्वेल्फ. ११ जून १२८९ला फ्लॉरेन्सचे ग्वेल्फ आणि आरेत्सोचे गिबेलिन काम्पाल्दिनोच्या मैदानात भिडले. दांते पहिल्या फळीच्या घोडदळात होता. फ्लॉरेन्स जिंकलं. आरेत्सोचा बिशप स्वतः लढायला उतरला होता, तो मारला गेला. त्यांचा एक सेनापती बुओनकोंते दा मोंतेफेल्त्रोही पडला, पण त्याचं प्रेत काही केल्या सापडलं नाही.

हे न सापडलेलं प्रेत दांतेच्या डोक्यातून गेलं नाही. पुढे त्यानं ‘शुद्धिलोक’ लिहिताना बुओनकोंतेला त्यात आणलं. गळ्याला जखम झालेला हा माणूस आर्कियानो ओढा आर्नोला मिळतो तिथवर पोहोचतो, शेवटच्या क्षणी मेरीचं नाव घेतो आणि त्याचा आत्मा वाचतो. चिडलेला सैतान खोऱ्यात पाऊस पाडतो आणि पुरात देह वाहून जातो. लक्षात घ्या, हा शत्रूपक्षाचा माणूस होता. दांतेनं त्याच्या विरोधात तलवार उपसली होती, आणि कवितेत त्यालाच मुक्तीच्या वाटेवर नेऊन ठेवलं.

लढाई जिंकली, पण जिंकणारे आपापसात फुटले. काम्पाल्दिनोला एकाच बाजूनं लढलेले विएरी चेर्की आणि कोर्सो दोनाती हे पुढं एकमेकांचे हाडवैरी झाले. चेर्कींचे ते पांढरे ग्वेल्फ, दोनातींचे ते काळे. दांते पांढऱ्यांचा, आणि त्याची बायको जेम्मा ही दोनाती घराण्यातली. घरात काय वातावरण असेल याचा अंदाज तुम्हीच बांधा.

१३००च्या १५ जूनला दांते शहराच्या सहा सर्वोच्च कारभाऱ्यांपैकी एक झाला. मुदत फक्त दोन महिन्यांची. शहरातला राडा थांबवायला या कारभाऱ्यांनी दोन्ही गटांच्या म्होरक्यांना हद्दपार केलं. त्या यादीत दांतेचा जिवलग मित्र, कवी ग्वीदो कावालकांती होता. मित्र आहे म्हणून नाव गाळलं गेलं नाही. ग्वीदोला सारझानाला पाठवलं, तो तिथं आजारी पडला, परत आला आणि ऑगस्टमध्ये गेला.

पुढच्याच वर्षी डाव उलटला. दांते पोप आठवा बोनिफेस याच्याकडे बोलणी करायला रोमला गेला असताना, नोव्हेंबर १३०१मध्ये फ्रेंच राजपुत्र शार्ल द व्हालुआ फौज घेऊन फ्लॉरेन्समध्ये शिरला आणि त्याच्या आडून काळ्यांनी सत्ता बळकावली. २७ जानेवारी १३०२ला दांतेवर भ्रष्टाचाराचा ठपका ठेवून ५००० फ्लोरिनचा दंड आणि दोन वर्षांची हद्दपारी झाली. तो हजर झालाच नाही. १० मार्चला शिक्षा वाढली : सापडला तर जिवंत जाळा. बायको-मुलं शहरात, आणि हा बाहेर.

इथून डोंगर सुरू होतात.

सगळ्यात आधी सान गोदेंत्सो. आपेनाइन्स डोंगररांगेतलं छोटं गाव, तिथं एक जुनं मठ-चर्च. ८ जून १३०२ला हद्दपार झालेले पांढरे ग्वेल्फ आणि गिबेलिन तिथं एकत्र जमले आणि फ्लॉरेन्सविरुद्ध लढायला त्यांनी उबाल्दिनी सरदारांशी करार केला. त्या कागदावर दांतेचं नाव आहे. ज्या गिबेलिनांविरुद्ध १३ वर्षांपूर्वी तो लढला, त्यांच्याच मांडीला मांडी लावून तो आता बसला होता. ही युती काही टिकली नाही. दांतेला या मंडळींचा वीट आला आणि तो बाजूला झाला. १३०४च्या जुलैमध्ये ला लास्त्रा इथं त्यांचा पार धुव्वा उडाला, तेव्हा दांते त्यांच्यात नव्हता.

मग रोमेना. पोप्पीच्याच खोऱ्यातली, म्हणजे कासेंतीनोमधली ही गढी. मालक ग्वीदी घराण्याचे सरदार. इथला किस्सा मला सगळ्यात भारी वाटतो.

फ्लॉरेन्सचा सोन्याचा फ्लोरिन म्हणजे त्या काळातला डॉलर म्हणा, २४ कॅरेट, सगळ्या युरोपात चालणारा. रोमेनाच्या सरदारांनी आदामो नावाच्या कारागिराला हाताशी धरून २१ कॅरेटचे खोटे फ्लोरिन पाडले. १२८१मध्ये आदामो पकडला गेला आणि फ्लॉरेन्सनं त्याला जाळलं. सरदारांना काही झालं नाही. दांतेनं आदामोला नरकात टाकलंय. पोट पाण्यानं फुगलेलं, तरी घसा कोरडा, आणि सतत डोळ्यांसमोर काय, तर कासेंतीनोच्या हिरव्या उतारांवरून आर्नोकडे धावणारे गार ओढे. पण तिथं आदामो सरदारांची नावं घेऊन सांगतो की हे पाप मी यांच्या सांगण्यावरून केलं. त्यातला एक आलेस्सांद्रो, जो पुढं हद्दपार पांढऱ्यांचा सेनापती होता. तो वारला तेव्हा दांतेच्या नावानं त्याच्या पुतण्यांना सांत्वनाचं पत्र गेलं होतं, आणि गरिबीमुळे अंत्यविधीला येऊ शकलो नाही अशी माफीही त्यात होती. म्हणजे पत्रात अश्रू आणि कवितेत हिशोब. ज्यांचं मीठ खाल्लं त्यांचीही गय नाही.

१३०६मध्ये तो पार दुसऱ्या टोकाला, लुनिजानामध्ये सापडतो. हद्दपारीतल्या दांतेचा दिवसाबरहुकूम पत्ता सांगणारे कागद फार थोडे, त्यातले दोन इथले. ६ ऑक्टोबरला सकाळी त्यानं सारझानात मालास्पीना सरदारांचं वकीलपत्र घेतलं आणि त्याच दिवशी कास्तेल्नुओवोची टेकडी चढून बिशपच्या वाड्यात जुन्या भांडणाचा तह करून दिला. सारझाना म्हणजे तेच गाव, जिथं त्याच्या सहीनं मित्राला पाठवलं होतं. त्याला तिथं काय वाटलं, हे त्या कागदात अर्थातच नाही.

आता पुन्हा पोप्पी. १३१० साली सम्राट सातवा हेन्री इटलीत उतरला आणि दांतेला वाटलं, झालं, आता घरी जाता येणार. मार्च १३११च्या अखेरीला त्यानं कासेंतीनोतून फ्लॉरेन्सवासीयांना एक जळजळीत पत्र लिहिलं. १७ एप्रिलला थेट सम्राटाला : उत्तरेतल्या शहरांपाशी वेळ काय घालवताय, आधी फ्लॉरेन्सवर चाला, असा त्याचा आशय. मे महिन्यात पोप्पीच्या गढीतून तिथल्या सरदारणीच्या नावानं सम्राज्ञीला पत्रं गेली, तीही दांतेनंच लिहिली असं मानतात. म्हणजे ज्या मैदानावर तो फ्लॉरेन्ससाठी लढला, त्याच्याच वरच्या गढीत बसलेला हा माणूस स्वतःच्या शहरावर परकी फौज बोलावत होता. काहींना ही गद्दारी वाटते. मला वाटतं, नऊ वर्षं घराबाहेर काढलेल्या माणसाचा हा संताप होता, पण त्यानं फ्लॉरेन्समधले उरलेसुरले दरवाजेही बंद केले हे खरं. त्याच सप्टेंबरमध्ये शहरानं बऱ्याच हद्दपारांना माफी दिली, दांतेला मुद्दाम वगळून. १३१२मध्ये हेन्रीनं फ्लॉरेन्सला वेढा घातला, पण काही जमलं नाही. ऑगस्ट १३१३मध्ये सिएनाजवळ बुओनकोन्वेंतोला तो तापानं मेला. विषय संपला.

या भटकंतीचा माग कवितेत जागोजागी आहे. सिएनाजवळच्या मोंतेरिज्जोनीच्या तटावरचे बुरूज त्याला नरकातल्या राक्षसांसारखे दिसतात. मुळात त्याचा शुद्धिलोक हाच एक डोंगर आहे, सात टप्प्यांचा, धापा टाकत चढायचा. तिथली चढण किती उभी, हे सांगायला तो सान लेओ आणि बिस्मांतोवा या खऱ्या कड्यांची तुलना देतो.

१३१५मध्ये घरी जायची एक संधी आली. अट अशी की थोडा दंड भरा आणि माफ केलेल्या गुन्हेगारासारखं बाप्तिस्मागृहात सगळ्यांसमोर उभं राहा. हे तेच बाप्तिस्मागृह, जिथं त्याचा बाप्तिस्मा झाला होता. वय पन्नास, खिसा रिकामा, तरी त्यानं एका मित्राला पत्र लिहून नकार कळवला. नोव्हेंबरमध्ये शहरानं पुन्हा मृत्युदंड ठोठावला, आणि या वेळी त्याच्या मुलांनाही.

शेवटची वर्षं व्हेरोना आणि मग राव्हेन्नात गेली. राव्हेन्नाच्या वतीनं व्हेनिसला बोलणी करायला गेला, येताना दलदलीतून ताप घेऊन आला आणि १३२१च्या सप्टेंबरमध्ये, १३ आणि १४ तारखेच्या मधल्या रात्री, वारला. ‘कॉमेडी’ पूर्ण झाली होती. तिच्या नकला इतक्या पसरल्या की एक जुनं हस्तलिखित मुंबईच्या एशियाटिक सोसायटीतही आहे. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर एल्फिन्स्टन यानं ते दिलेलं. मुसोलिनीनं ते विकत मागितलं होतं आणि सोसायटीनं नाही म्हटलं, असं सांगतात.

मेल्यावर मात्र फ्लॉरेन्सला तो हवा झाला. १५१९मध्ये मिकेलांजेलोसकट मान्यवरांनी अर्ज केला, पोप दहावा लिओ हा फ्लॉरेन्सच्याच मेदिची घराण्यातला, त्यानं परवानगी दिली. माणसं राव्हेन्नाला पोहोचली तर कबर रिकामी! तिथल्या फ्रान्सिस्कन साधूंनी भिंतीला भोक पाडून हाडं आधीच लपवली होती. ती सापडली थेट १८६५मध्ये, दुरुस्तीच्या कामात, एका लाकडी पेटीत. सांता क्रोचे चर्चमधली फ्लॉरेन्सची भव्य समाधी आजही रिकामी आहे. राव्हेन्नातल्या कबरीवरच्या दिव्याला मात्र दर सप्टेंबरमध्ये फ्लॉरेन्समधून तेल येतं.

जून २००८मध्ये फ्लॉरेन्सच्या नगर परिषदेनं १३०२ची शिक्षा रद्द करण्याचा ठराव मतदानाला टाकला. १९ जणांनी बाजूनं मत दिलं. पाच जणांनी तेव्हाही विरोधात दिलं.